टॉमीचा फोन आणि राष्ट्राध्यक्षांचे कान

फोन टॅपिंग हा शब्द आता आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की त्याचं काही वाटेनासं झालं आहे. दर दोन-चार वर्षांनी एखादं प्रकरण निघतं, सभागृहात गोंधळ होतो, चौकशी समिती नेमली जाते आणि विषय मागे पडतो. आज आम्ही मुद्दाम एक जुनं प्रकरण घेतलं आहे. ते आपल्याकडचं नाही, वॉशिंग्टनचं आहे, 1945 ते 1948 या काळातलं. ते निवडण्याचं कारण असं, की इथे ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं, कशासाठी ऐकलं आणि ऐकलेल्याचं काय केलं, हे सगळं कागदावर उरलं आहे. अशा प्रकरणात सहसा आरोप उरतात, कागद उरत नाहीत.

ज्याचा फोन ऐकला गेला त्याचं नाव थॉमस कॉर्कोरन. जन्म 1900 चा, ऱ्होड आयलंड राज्यातला. हार्वर्डला कायदा शिकला आणि 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा सचिव म्हणून वर्षभर त्यांच्याकडे राहिला. होम्स यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

1932 मध्ये मंदीच्या काळात कॉर्कोरन सरकारी नोकरीत आला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’मधले मोठे कायदे ज्यांनी बसून लिहिले, त्यांत दोन नावं कायम जोडीनं येतात, कॉर्कोरन आणि बेंजामिन कोहेन. 1933 चा रोखे कायदा, 1934 चा शेअर बाजाराचा कायदा, 1935 चा वीज कंपन्यांच्या साखळ्या मोडणारा कायदा, या सगळ्यांवर या दोघांचा हात आहे. कोहेन अबोल, मसुदा घोटणारा. कॉर्कोरन बोलका, अकॉर्डियन वाजवणारा, खासदारांच्या गळ्यात हात टाकून मत फिरवणारा. रूझवेल्ट त्याला ‘टॉमी द कॉर्क’ म्हणत. पाण्यात कितीही दाबा, बूच वर येतंच. तसाच हा माणूस होता.

त्याची खरी पुंजी कायद्याची नव्हती, माणसांची होती. खात्याखात्यांत त्यानं आपल्या ओळखीचे तरुण वकील नेमवले. कोण कुठे आहे, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला कुठली खुर्ची हवी आहे, हे त्याला तोंडपाठ. 1941 मध्ये त्याला हवं असलेलं सॉलिसिटर जनरलचं पद मिळालं नाही. तोवर तो सरकारी नोकरीबाहेर पडून वकिली करू लागला होता. वकिली म्हणायची, पण न्यायालयात तो फारसा दिसत नसे. त्याचं काम फोनवर चालायचं. आपल्याकडे मंत्रालयाच्या आसपास ज्याला ‘वजन असलेला माणूस’ म्हणतात ना, तेच. चीनला युद्धसामग्री पुरवणाऱ्या संस्थेपासून अमेरिकी उद्योगपतींपर्यंत अनेकांची कामं तो करून द्यायचा आणि बक्कळ पैसे घ्यायचा.

या कमाईचा जाब त्याला एकदा द्यावा लागला होता. डिसेंबर 1941 मध्ये संरक्षण खर्चाची तपासणी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्या समितीचे अध्यक्ष होते मिसुरीचे एक साधे सिनेटर, हॅरी ट्रुमन. पुढे 1944 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची वेळ आली तेव्हा कॉर्कोरन न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्यासाठी खटपट करत होता. उमेदवारी मिळाली ट्रुमन यांना. म्हणजे दोघांमधलं नातं आधीच काही गोडीचं नव्हतं.

12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट वारले आणि ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले. घर तेच, पण माणसं बदललेली. खालपासून वरपर्यंत रूझवेल्ट यांचे लोक भरलेले, त्यांतले बरेच नव्या राष्ट्राध्यक्षांना कमी लेखणारे. ट्रुमन यांना वाटणारी भीती खोटी होती असं आपल्याला म्हणता येणार नाही. आपल्या पाठीमागे काय शिजतंय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि जे काही शिजत होतं त्यातलं बरंचसं कॉर्कोरनच्या फोनवरून जात होतं.

आता एक तारीख बघा. 12 मे 1945. राष्ट्राध्यक्ष होऊन बरोबर महिना झाला होता. त्या दिवशी ट्रुमन यांनी स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवलं आहे. आपल्याला गेस्टापो नको, गुप्त पोलीस नकोत, आणि एफबीआय त्याच दिशेनं चालली आहे, अशा अर्थाचं ते टिपण आहे. आणि पुढच्याच महिन्यात, जून 1945 मध्ये, व्हाइट हाउसच्या सांगण्यावरून एफबीआयनं कॉर्कोरनचा फोन ऐकायला सुरुवात केली.

एकच माणूस महिन्याभरात दोन टोकांची कामं कशी करतो? आम्हाला वाटतं, यात ढोंग शोधण्याची गरज नाही. बहुतेक सत्ताधाऱ्यांचं असंच असतं. गुप्त पोलीस म्हणजे दुसऱ्याच्या हातातले. आपल्या हातात आले की ती माहिती होते.

कामाची पद्धत अशी होती. एफबीआयचे लोक संभाषणं ऐकून उतरवून काढायचे. संचालक जे. एडगर हूवर यांच्याकडून ती व्हाइट हाउसला जायची. तिथे ती घ्यायचे जनरल हॅरी वॉन, राष्ट्राध्यक्षांचे लष्करी सहायक आणि पहिल्या महायुद्धापासूनचे त्यांचे दोस्त. या वॉन यांनी उतारवयात आठवण सांगितली, की असले कागद बघून ट्रुमन वैतागले आणि हे बंद करा म्हणाले. आठवण प्रामाणिक असेलही. पण कागद तीन वर्षं येत राहिले, 1948 पर्यंत. इतिहासात आठवण आणि कागद यांचं भांडण लागलं की कागदाकडे जरा जास्त झुकावं लागतं.

आता कायदा काय म्हणत होता? हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळी मेख इथेच आहे.

1920 च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये रॉय ओल्मस्टेड नावाचा एक माजी पोलीस अधिकारी दारूबंदीच्या काळात दारूचा मोठा धंदा करायचा. त्याचे फोन ऐकून सरकारनं त्याला पकडलं. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 1928 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की तारा घराबाहेर आहेत, पोलीस घरात शिरले नाहीत, म्हणून ही झडती नव्हेच. ज्या चार न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं त्यांत ब्रँडाइस होते आणि होम्स होते. काही गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण सरकारनं हलकं काम करणं त्याहून वाईट, असं होम्स यांनी त्यात म्हटलं, आणि फोन ऐकण्याला त्यांनी घाणेरडा धंदा म्हटलं. ज्यांच्या हाताखाली कॉर्कोरननं उमेदीचं वर्ष काढलं, तेच हे होम्स.

पुढे 1934 मध्ये काँग्रेसनं दळणवळणाचा कायदा केला. त्याच्या कलम 605 मध्ये लिहिलं, की कोणीही दुसऱ्याचा संदेश मधेच पकडून उघड करू नये. 1937 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ‘कोणीही’ म्हणजे सरकारी अधिकारीसुद्धा, आणि असा पुरावा न्यायालयात चालणार नाही. 1939 मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं, की अशा संभाषणातून हाती लागलेला पुढचा पुरावाही चालणार नाही.

मग तीन वर्षं कॉर्कोरनचा फोन ऐकला तो कुठल्या आधारावर? सरकारी वकिलांनी शब्दांची मोठी गमतीशीर फोड केली होती. कायदा म्हणतो ‘पकडून उघड करू नये’. म्हणजे दोन्ही गोष्टी केल्या तर गुन्हा. नुसतं ऐकलं आणि सरकारातल्या सरकारात एकमेकांना सांगितलं, तर ते उघड करणं कुठे झालं? घरातली गोष्ट घरातच राहिली! शिवाय मे 1940 मध्ये, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, रूझवेल्ट यांनी एक गोपनीय आदेश दिला होता. त्यात हेरगिरी आणि घातपाताचा संशय असलेल्यांचे फोन ऐकायची मुभा होती, आणि त्यातही शक्यतो परकीय नागरिकांपुरतं मर्यादित राहा असं म्हटलं होतं. कॉर्कोरन परकीय नव्हता. तो हेर आहे असा कोणाचा आरोपही नव्हता. 1946 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल टॉम क्लार्क यांनी ट्रुमन यांच्याकडून त्या मुभेचं नूतनीकरण करून घेतलं, तेव्हा पाठवलेल्या पत्रात रूझवेल्ट यांच्या आदेशाचा उतारा दिला, पण मर्यादा घालणारं ते शेवटचं वाक्य उताऱ्यातून गळालेलं होतं. एक वाक्य गळलं आणि अपवादाचा नियम झाला.

आता, ऐकलं काय? बरीचशी पानं राजकारणाच्या गप्पांनी भरलेली आहेत. कोणाला कुठली नेमणूक मिळणार, नवा राष्ट्राध्यक्ष कितपत टिकणार, कोणता पत्रकार काय छापणार आहे. कॉर्कोरनशी बोलणारे लोक काही ऐरेगैरे नव्हते. त्यांत मंत्री होते, वृत्तपत्रातले स्तंभलेखक होते, आणि सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्तीही होते, त्यांत ह्यूगो ब्लॅक आणि विल्यम डग्लस ही नावं आहेत. एप्रिल 1946 मध्ये सरन्यायाधीश स्टोन अचानक वारले. त्यांच्या जागी कोण, ही चर्चा वॉशिंग्टनमध्ये घरोघर चालली होती, आणि ती कॉर्कोरनच्या फोनवरही चालली.

जरा थांबून विचार करा. फोन एका माणसाचा होता. पण फोनला दोन टोकं असतात. एकावर पाळत ठेवायची म्हटली की त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकावर आपोआप पाळत बसते. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचा फोन ऐकणाऱ्याला तितकं जास्त गाव ऐकू येतं. म्हणूनच सत्तेला लॉबीइस्टच्या फोनचं आकर्षण. शंभर फोन ऐकण्यापेक्षा शंभरजण ज्याला फोन करतात त्याचा एक ऐकावा. न्यायमूर्ती काय बोलतात हे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात वाचलं जाणं, हे सत्तांच्या विभागणीचा पायाच उखडणारं होतं. आणि ते कोणी ठरवून केलं असंही नाही, ते तारेबरोबर फुकट मिळालं.

पण या गप्पांच्या ढिगात एक गंभीर गोष्टही होती. जून 1945 मध्येच ‘अमेरेशिया’ नावाच्या एका छोट्या नियतकालिकाच्या प्रकरणात सहाजणांना अटक झाली. परराष्ट्र खात्याचे गोपनीय कागद त्या नियतकालिकाच्या कार्यालयात सापडले होते. अटक झालेल्यांत जॉन सर्व्हिस हा चीनविषयक जाणकार अधिकारी होता. सर्व्हिसवर आरोपपत्र येऊ नये म्हणून कॉर्कोरननं न्याय खात्यात आपलं वजन वापरलं, आणि त्याची ती खटपट एफबीआयला फोनवर ऐकू आली. ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीनं सर्व्हिसवर आरोप ठेवायला नकार दिला. सर्व्हिस मुळात निर्दोष होता का, हा वेगळा प्रश्न. पुष्कळ अभ्यासक त्याला भोळा म्हणतात, हेर म्हणत नाहीत. आपला मुद्दा वेगळा आहे. फौजदारी प्रकरणात बाहेरचा वजनदार माणूस हात घालतोय हे सरकारच्या तपास यंत्रणेला कळलं होतं, आणि तिला त्याबद्दल चकार शब्द काढता आला नाही. कारण हे कळलं कसं, असं कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? पुढे 1950 मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी सर्व्हिसच्या नावानं आकाशपाताळ एक केलं, सिनेटच्या समितीत चौकशी झाली, तरी हे कागद कपाटातच राहिले.

आमच्या मते या प्रकरणाचं सार इथे आहे. बेकायदा ऐकलेल्यातला जो भाग लोकहिताचा होता, तो बेकायदा ऐकल्यामुळेच निकामी झाला. आणि जो भाग नुसत्या राजकारणाचा होता, तो मात्र पुरेपूर उपयोगी पडला, कारण त्यासाठी न्यायालयात जायची गरजच नव्हती. वाचलं, समजलं, तोंड बंद ठेवलं, की झालं.

कॉर्कोरनवर एकही खटला झाला नाही. तो 1981 पर्यंत जगला, शेवटपर्यंत वॉशिंग्टनमध्ये वकिली करत राहिला. तो काही गरीब गाय नव्हता, हे आपण विसरू नये. लोकांनी न निवडलेला माणूस नेमणुका आणि खटले फोनवरून हलवत होता, आणि त्याचा हिशेब मागायची सोय लोकांकडे नव्हती. पण हा हिशेब मागायचा मार्ग चार वर्षांपूर्वी खुद्द ट्रुमन यांनीच दाखवला होता: समितीपुढे बोलवा, शपथेवर विचारा, उत्तर छापा. तो मार्ग उघड्यावरचा होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना दुसरा सोयीचा वाटला.

हे सगळं बाहेर कसं आलं? वॉटरगेटनंतर सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली गुप्तचर संस्थांची चौकशी झाली. 1976 च्या तिच्या अहवालात रूझवेल्ट यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन ऐकून ट्रुमन यांच्याकडे राजकीय माहिती जात होती, अशी नोंद आली. पुढे 1980 च्या दशकात मिसुरीतल्या ट्रुमन ग्रंथालयातली हजारो पानं अभ्यासकांना वाचायला मिळाली. दरम्यान 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओल्मस्टेडचा निकाल मोडीत काढला आणि 1968 मध्ये न्यायालयाच्या आदेशाशिवाय फौजदारी तपासात फोन ऐकता येणार नाही असा कायदा झाला. होम्स-ब्रँडाइस यांचं मत जिंकायला चाळीस वर्षं लागली.

आता थोडं आपल्याकडे येऊ. आपल्याकडे फोन ऐकण्याचा अधिकार 1885 च्या तार कायद्याच्या कलम 5 मधून आला. इंग्रजांचा कायदा, तारेसाठी केलेला, पण टेलिफोनला आणि पुढे मोबाइललाही तोच लागला. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असेल तर ऐका, ही त्यातली मुख्य अट. मुंबईच्या कॉरोनरचं एक प्रकरण 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघालं, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात एका डॉक्टरनं स्वतःच्या संमतीनं पोलिसांना संभाषण ध्वनिमुद्रित करू दिलं होतं आणि न्यायालयानं तो पुरावा चालवून घेतला. पण दोन्ही टोकांना पत्ता नसताना ऐकलं तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. आणि 18 डिसेंबर 1996 ला, पीयूसीएलच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं अखेर सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे. आदेश गृहसचिवांचाच हवा, तो दोन महिने चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि तीन अधिकाऱ्यांची समिती तो तपासेल.

हे नियम असताना 2008-09 मध्ये नीरा राडिया यांचे फोन प्राप्तिकर खात्यानं गृहसचिवांच्या आदेशानुसार एकूण 180 दिवस ऐकले. म्हणजे कॉर्कोरनच्या उलट, इथे ऐकण्याला कागदाचा आधार होता. गडबड पुढे झाली. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये त्यातली संभाषणं नियतकालिकांत छापून आली. उद्योगपती, पत्रकार, राजकारणी, मंत्रिमंडळात कोण येणार याची चर्चा. त्याच महिन्यात रतन टाटा सर्वोच्च न्यायालयात गेले: ऐकलं ते ऐकलं, पण माझं खासगी बोलणं बाजारात कसं आलं? दुसरी बाजू म्हणत होती, हे लोकांना कळलंच पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पुढे 2022 मध्ये सीबीआयनं न्यायालयाला सांगितलं, की त्या संभाषणांच्या तपासात गुन्हा आढळला नाही.

दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. वॉशिंग्टनमध्ये बेकायदा ऐकलं आणि तीस वर्षं कोणाला कळलं नाही. दिल्लीत कायद्यानं ऐकलं आणि दीड-दोन वर्षांत सगळ्यांना ऐकू आलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ऐकायची परवानगी देणारा, ऐकणारा आणि नंतर तपासणारा, हे तिघेही सरकारातलेच होते. अमेरिकेनं 1968 मध्ये मधे न्यायाधीश आणून बसवला. आपल्याकडे 1996 च्या निकालात न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही, आणि 1885 च्या जागी जो 2023 चा दूरसंचार कायदा आला त्यातही आणीबाणी आणि सुरक्षितता हेच शब्द राहिले आहेत.

म्हणून पुढचं प्रकरण निघेल तेव्हा, आणि ते निघेलच, आपण पहिला प्रश्न ‘काय बोलले?’ असा विचारायचा मोह टाळू या. तो मोह मोठा असतो, आम्हालाही होतो. कॉर्कोरनची पानं आज वाचायला मिळतात याचा इतिहासाच्या अभ्यासकांना आनंदच आहे. पण आधी विचारावं: आदेश कोणी दिला, कारण काय लिहिलं, किती दिवसांसाठी, आणि ऐकलेलं कोणाच्या टेबलावर गेलं? कॉर्कोरनच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीस वर्षांवर लोटली, आणि तोवर ट्रुमन, हूवर दोघंही गेले होते. उत्तर द्यायला ते दोघं उरले नव्हते.

इथेच थांबतो.